खेळाचे मानसशास्त्र : चढाओढ, साथ आणि शाबासकी

जालना : जत्रेतील कुस्त्यांचा फड लहान मुलांच्या जोडींनी सुरू होतो. रेवड्या किंवा नारळ हे त्यांचे बक्षीस. पुढे रोख इनामाची रक्कम वाढत जाते. जालना जिल्ह्यासह मराठवाड्यात रुळलेल्या या प्रथेत क्रीडा-मानसशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना नकळत सामावली आहे. तिला 'प्रबलन' म्हणतात.

एखाद्या वर्तनानंतर मिळालेल्या फळामुळे ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढली, की ते प्रबलन झाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून ही संकल्पना विकसित केली. शाबासकी हे धन प्रबलन. सराव मन लावून केला म्हणून मैदानाच्या जादा फेऱ्या माफ करणे हे ऋण प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असा समज अनेकदा करून घेतला जातो. तो चुकीचा आहे. शिक्षेने वर्तन दबते, पण त्याऐवजी काय करावे हे खेळाडूला उमगत नाही.

चुरस लावली की प्रत्येक जण खुलतो, हाही असाच एक समज. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये सायकलपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने धावण्यापेक्षा शर्यतीत वेग अधिक असल्याचे दिसले. त्यानंतर त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ फिरवायला दिले. जोडीदाराशी चढाओढ असताना २० मुलांचा वेग वाढला, १० मुले उलट मंदावली आणि उरलेल्या १० जणांत फारसा फरक पडला नाही. निम्म्या मुलांना चुरशीचा लाभ झाला नाही, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

सहकार्याचा विचार मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्ये मांडला. स्पर्धेत एकाचे यश दुसऱ्याला ध्येयापासून दूर नेते. सहकार्यात ते दुसऱ्यालाही ध्येयाजवळ आणते. सांघिक खेळात ही दोन्ही नाती एकाच वेळी नांदतात. कबड्डी हे त्याचे उत्तम उदाहरण. 'संजीवनी' पद्धतीत प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला बाद गडी मैदानात परततो. एकाच्या यशस्वी चढाईचे फळ बाहेर बसलेल्या दुसऱ्याला मिळते! 'गामिनी' पद्धतीत सर्व संघ बाद होईपर्यंत ही सोय नाही, तर 'अमर' पद्धतीत बाद गडी बाहेर जातच नाही, केवळ प्रतिपक्षाला गुण मिळतो. आधुनिक नियमांनुसार मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर एक गुण जादा दिला जातो. अडचणीतल्या साखळीला नियमानेच दिलेले हे प्रबलन होय.

क्रिकेटमध्ये मात्र साथीचे मोल धावफलकावर पूर्णपणे उमटत नाही. जालन्याच्या विजय झोल याने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. पुढे २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. जालन्याला त्याचा अभिमान वाटावा, हे रास्तच. पण दुसऱ्या टोकाला कोणी उभे राहिले नसते, तर हा आकडा गाठताच आला नसता. ती नावे वृत्तपत्रांच्या मथळ्यात येत नाहीत.

आज गल्लीतल्या मुलाला शाबासकी मिळते ती बहुधा निकालावर. जिंकणारे थोडे असतात. बाकीच्यांच्या वाट्याला काय येते, हा खरा प्रश्न. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना यासाठी तयार केले. प्रयत्नाचे लगेच कौतुक करावे, चूक झाल्यास आधी धीर द्यावा आणि मग नेमकी सुधारणा सांगावी, हा त्यांचा परिपाठ. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इतर प्रशिक्षकांकडील २६ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला होता. प्रशिक्षित मार्गदर्शकांकडील केवळ ५ टक्के मुलांनी. दोन्ही गटांतील संघांच्या जय-पराजयात लक्षणीय फरक नव्हता.