घड्याळाचा पट्टा



घड्याळाच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे; पट्ट्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः पट्ट्यावाचून घड्याळ मनगटावर आलेच नसते. आज त्या पट्ट्याविषयी आणि तो घडविणाऱ्या हातांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुरुषाचे घड्याळ खिशात असे, साखळीने अंगरख्यास अडकविलेले. मनगटावरील घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात काही इंग्रज अधिकाऱ्यांनी खिशातले घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवून मनगटास बांधले. १९०४ च्या सुमारास पॅरिसच्या कार्तिये यांनी सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी मनगटी घड्याळ केले, कारण विमान हाकताना खिसा चाचपण्यास त्यास हात मोकळा नसे. पुढे १९१४ च्या महायुद्धात खंदकातील शिपायांची हीच अडचण झाली. घड्याळाच्या दोन्ही अंगांस तारेच्या कड्या डाखून त्यांतून चामड्याचा पट्टा ओवण्यात येऊ लागला. युद्ध संपले, शिपाई घरी परतले आणि अलंकाराचा आक्षेप कोठल्या कोठे विरला.

आपल्याकडे या पट्ट्याने एक निराळाच पराक्रम केला. आपल्या घरांतून चामड्याला दारातच थांबावे लागे. वहाणा उंबरठ्याबाहेर काढावयाच्या, हा नेम मोडण्याची प्राज्ञा नव्हती. परंतु मनगटावर बसून तेच चामडे माजघरात आले, पानावर बसले, शाळेच्या फळ्यापर्यंत पोहोचले. चामड्याने उंबरठा ओलांडला. ते कमावणारा आणि शिवणारा मात्र बाहेरच राहिला.

हे काम किती नाजूक आहे, ते पाहावे. मजजवळ 'जनता' जातीचे, रोज चावी द्यावयाचे घड्याळ आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळांचा कारखाना निघाला. त्या संस्थेचे हे घड्याळ. २०१६ मध्ये तिचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. घड्याळ मात्र चालते आहे. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि घामाने पट्टा लवकर कुजतो. म्हणून धरमपेठेत रस्त्याच्या कडेस बसणाऱ्या एका कारागिराकडून मी नवा पट्टा करवून घेतला.

त्याने प्रथम घड्याळाच्या दोन शिंगांमधील अंतर मोजले. पट्टा या अंतराहून किंचित रुंद झाला तर शिरत नाही, अरुंद झाला तर मधली फट डोळ्यांस खुपते. मग दोन तुकडे बेतले : भोकांचा लांब, सुमारे १२० मिलिमीटर, बक्कलाचा आखूड, सुमारे ७५. जेथे चामडे दांडीवरून दुमडावयाचे, तेथे ते रापीने तासून पातळ केले. नाहीतर दुमड जाड होऊन घड्याळ मनगटावर नीट टेकत नाही. आरीने समान अंतरावर भोके पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन्ही बाजूंनी टाके घातले. बक्कल त्याने पितळेचे निवडले. सालीने कमावलेल्या चामड्यास ओलसर लोखंड लागले की काळा डाग पडतो, कारण सालीतील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन शाईसारखा पदार्थ बनतो. शाळेत रसायनाचा जो धडा आम्ही फळ्यावर लिहीत असू, तो त्याला हातानेच ठाऊक होता.

सालीची कमावणी हीही मोठी विद्या आहे. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढावयाचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरवावयाचे, तेव्हा ते न कुजणारे चामडे होते. या विद्येला प्रतिष्ठा मिळावी म्हणून नागपूरशेजारीच, वर्ध्यास, एक प्रयत्न झाला. १९३४ मध्ये महात्मा गांधींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला आणि त्याचे ठाणे वर्ध्यास झाले. त्याच दशकात जवळच्या नालवाडीस गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. तेथे मेलेल्या जनावरांचीच कातडी कमावली जात. गांधीजींनी स्वतः दक्षिण आफ्रिकेत वहाणा शिवल्या होत्या आणि १९१४ मध्ये एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला होता.

परंतु प्रश्न एवढ्याने सुटत नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी मेलेली जनावरे ओढण्याच्या कामाचा विषय काढला. ते काम सोडल्याने गरिबांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब काही शहाण्यांनी मांडला होता. ज्यांना ते उत्पन्न मोलाचे वाटते त्यांनीच ते काम पत्करावे, असे बाबासाहेबांचे रोखठोक उत्तर होते. पैशाच्या हिशेबात मानाचा रकाना नसेल तर तो हिशेबच अपुरा, हा त्यातील अर्थ. ती दीक्षाभूमी आमच्या धरमपेठेपासून फार दूर नाही.

मला या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्याशा वाटतात. नालवाडीने सांगितले की हे काम हलके नाही. दीक्षाभूमीने सांगितले की काम हलके नसेल तर ते जन्माने कोणाच्याही माथी मारले जाऊ नये. पहिली गोष्ट दुसरीवाचून लंगडी पडते. कारण ज्याला काम सोडण्याची मुभा नाही, त्याच्या कामाची स्तुती त्याच्या काय उपयोगाची?

धरमपेठेतील त्या कारागिराचा मुलगा महाविद्यालयात शिकतो. मुलाने हा धंदा करावा की न करावा, असे मी त्यास विचारले नाही. तो प्रश्न सर्वस्वी त्या मुलाचा आहे. आपल्याकडे उरते ते एवढेच : आवडत्या घड्याळास पट्टा करवून घेताना कारागिराशी दोन घटका बसावे, त्याचे नाव विचारावे, आणि घड्याळाच्या दुरुस्तीस जे दाम आपण घासाघीस न करता मोजतो, तसेच त्याच्या टाक्यांसही मोजावे.