पंखांचा पीळ (दुरुस्त आरसी विमानांतील)

रेडिओ-नियंत्रित विमान-प्रतिकृती पडून दुरुस्त झाल्यावर तिचे दोन्ही पंख धडाशी सारख्या कोनात न बसणे किंवा एखादा पंख लांबीच्या दिशेने पिळला जाणे, हा दोष. मॉडेल वजनाने पूर्ववत असते, सांधाही पक्का असतो, पण उडताना ते एका बाजूला कलते. उडवणारा रिमोटवरचे ट्रिम चार खटके सरकवतो आणि दुरुस्ती संपली असे मानतो. मात्र पंखाच्या दुरुस्तीत मजबुतीपेक्षा डाव्या-उजव्याचे साम्य महत्त्वाचे असते, आणि कारण वेगळे काढल्याशिवाय वापरलेले ट्रिम दोष काढत नाही, झाकते.

पीळ किती, तर डोळ्याला जेमतेम दिसेल इतका. २० सेंटिमीटर रुंद पंखाची मागली कड टोकाशी साडेतीन मिलिमीटर खाली आली की एक अंशाचा फरक पडतो. सरळ उड्डाणात अशा पंखाची सारी उचल साधारण पाच-सहा अंशांतून निघते. म्हणजे एका अंशाने त्या टोकाची उचल जवळजवळ पाचव्या हिश्श्याने बदलते. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाला एका बाजूला कलवण्यासाठी पंख पिळण्याचीच युक्ती वापरली होती. त्यांनी मुद्दाम केले ते आपल्याकडे फेविक्विक अजाणता करते. मांडवगण फराट्यासारख्या, भीमेच्या अंगाने शिरूर-दौंडमध्ये पसरलेल्या उसाच्या पट्ट्यात मॉडेल उभ्या पिकात उतरले, तर धांड्याचा मार पंखाच्या पुढल्या कडेला, धडापासून दूर बसतो. अशा माराने पंख मोडतोच असे नाही. तो स्पारभोवती, म्हणजे आतल्या आधारदांड्याभोवती, फिरतो. तुटलेला भाग जोडताना हा फिरलेला कोन डिंकात कायम होतो, कारण सगळे लक्ष फट बुजवण्याकडे असते.

कललेले विमान पिळामुळेच कलते, असेही नाही. डाव्या पंखात इपॉक्सी आणि कार्बनची पट्टी घालून १० ग्रॅम वजन धडापासून ४० सेंटिमीटरवर वाढले, तर एक किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य चार मिलिमीटर डावीकडे सरकतो. लक्षण तेच, स्वभाव निराळा. पिळाचा परिणाम आणि एलरॉनचा (पंखाच्या मागल्या कडेच्या हलत्या पट्टीचा, जी ट्रिमने सरकते) परिणाम दोन्ही वेगाच्या वर्गाबरोबर वाढतात, म्हणून पिळावर लावलेले ट्रिम हळू-जलद दोन्ही वेगांत टिकते. वजनाचा कल मात्र वेगाबरोबर बदलत नाही. त्यामुळे वेग वाढताच ट्रिम जड पंखाला उचलते आणि वेग कमी होताच तो पंख पुन्हा खाली येतो. वेग बदलून कल पाहण्याची ही चाचणी थ्रॉटल न बदलता, विमान हलके खाली उतरवत घ्यावी, नाहीतर पंख्याच्या उलट्या मुरडीचा गोंधळ मध्ये येतो. मऊ फोमचे पंख वेगात स्वतःच पिळले जातात, तिथे ही चाचणी फसू शकते.

मग ट्रिम टिकतेच, तर पीळ काढायचा कशाला? हा आक्षेप वजनदार आहे, आणि मध्यम वेगापुरता खराही. पण उतरताना वेग घटतो, नाक वर येते, आणि जास्त कोनात बसलेला पंख स्टॉलच्या, म्हणजे उचल तुटण्याच्या, उंबरठ्यावर आधी पोचतो. शिवाय ट्रिममुळे दुसऱ्या पंखाचा एलरॉन आधीच खाली झुकलेला असतो. दोन्ही पंख एकाच वेळी उचल सोडत नाहीत आणि विमान जमिनीजवळ, सावरायला उंची नसताना, एका अंगावर पडते. पीळ दुसऱ्यांदा दुरुस्तीला लावतो तो इथे. कल ओळखून एलरॉन आपोआप हलवणारा जायरो बसवला की काम भागते, असेही म्हटले जाते. जायरो कल भरून काढतो खरा, पण त्यासाठी एलरॉनची काही हालचाल सतत खर्च होते आणि स्टॉलजवळ तो नेमका चुकीच्या पंखाचा एलरॉन आणखी खाली ओढू शकतो. कारखान्यातून आलेले फोमचे पंख तरी कुठे अचूक असतात, हा तिसरा युक्तिवाद. नसतात, पण म्हणूनच मूळ मापे पडण्याआधी घेऊन ठेवावीत.

मोजमाप महागडे नाही. ओट्याच्या कडप्प्यावर किंवा जाड काचेवर तळ सपाट असलेला पंख ठेवला तर तो डुलू नये. बाकदार पंखाच्या पुढल्या-मागल्या कडांची उंची दोन्ही बाजूंना मोजावी. न ताणणारा दोरा शेपटीच्या मध्यापासून दोन्ही टोकांना लावला की पंख मागे-पुढे झाला आहे का ते कळते, मात्र हा दोष एक अंश पिळाइतका त्रास देत नाही. फिल्म चढवलेला पंख उलट दिशेने किंचित जास्त पिळून धरावा व इस्त्रीने फिल्म ताणून घ्यावी. फोम गरम हवेने सैल होतो, पण जास्त तापला तर वितळतो. डिंकात कायम झालेला पीळ उष्णतेने सहसा जात नाही, सांधा कापून पुन्हा जुळवावा लागतो. हे सारे करण्याआधी शेपटी मोजावी, कारण तीच वाकडी असेल तर पंखावर केलेली मेहनत भलतीकडे जाते.