क्लीव्हलंड स्पायडर्स, १८९९ : १३४ पराभवांच्या हंगामाचा इतिहास

१/ अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका हंगामात सर्वाधिक सामने गमावण्याचा विक्रम सव्वाशे वर्षांनंतरही अबाधित आहे. १८९९ साली क्लीव्हलंड स्पायडर्स या संघाने १५४ सामने खेळले. त्यांपैकी जिंकले २० आणि गमावले तब्बल १३४! चारच वर्षांपूर्वी याच संघाने मानाचा चषक जिंकला होता. मग अवघ्या चार वर्षांत असे काय घडले? या धाग्यात त्या हंगामाचा लेखाजोखा मांडू.

२/ प्रथम पार्श्वभूमी. एरी सरोवराच्या काठावरील क्लीव्हलंड हे तेल आणि पोलाद यांवर वाढलेले औद्योगिक शहर. तेथील संघ १८८९ मध्ये नॅशनल लीगमध्ये दाखल झाला. १ मे १८९१ रोजी लीग पार्क हे त्याचे नवे मैदान खुले झाले आणि पहिलाच सामना साय यंग या तरुण पिचरने जिंकून दिला. (क्रिकेटमधील गोलंदाजाचे जे काम, साधारण तेच बेसबॉलमध्ये पिचरचे.) १८९५ मध्ये लीगमधील पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांत टेंपल चषकासाठी मालिका झाली. तीत दुसऱ्या क्रमांकाच्या क्लीव्हलंडने अव्वल बाल्टिमोरला ४-१ असे नमवले.

३/ संघाचे मालक होते फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे बंधू. त्यांचा मूळ व्यवसाय शहरातील ट्रामगाड्यांचा. मैदानही त्यांच्याच ट्राममार्गावर उभारलेले. प्रेक्षक जितके अधिक, तितकी तिकिटे मैदानावरही खपणार आणि ट्राममध्येही, असा हा दुहेरी हिशेब होता. परंतु संघ उत्तम खेळत असूनही मैदान पुरेसे भरत नसे.

४/ मालकांची तक्रार अगदीच निराधार नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. कामगारांना सुट्टीचा वार एकच, रविवार. आणि नेमके त्याच दिवशी क्लीव्हलंडमध्ये खेळण्यास कायद्याचा अडसर. १६ मे १८९७ रोजी रॉबिसन यांनी रविवारी सामना भरवून पाहिला. पहिला डाव संपताच पोलिसांनी खेळ थांबवून खेळाडूंना अटक केली. याउलट सेंट लुईस शहरात रविवारचे सामने चालत. १९०० च्या जनगणनेनुसार सेंट लुईस हे देशातील चौथ्या क्रमांकाचे शहर होते, तर क्लीव्हलंड सातव्या.

५/ १८९८ च्या हंगामात क्लीव्हलंड १२ संघांत पाचवे आले. विजय ८१, पराभव ६८. सेंट लुईसचा संघ मात्र ३९ विजय आणि १११ पराभवांसह तळाशी होता आणि त्याचा मालक कर्जात बुडाला होता. १८९९ च्या मार्चमध्ये त्या संघाचा लिलाव झाला आणि तो रॉबिसन बंधूंच्या हाती आला. क्लीव्हलंडचा संघ मात्र त्यांनी विकला नाही. एकाच लीगमध्ये परस्परांविरुद्ध खेळणारे दोन संघ आता एकाच घराण्याचे झाले.

६/ आज हे वाचताना आश्चर्य वाटते. परंतु तो काळ अमेरिकेत उद्योगांच्या एकत्रीकरणाचा होता. जॉन रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० मध्ये याच क्लीव्हलंडमध्ये स्थापन झाली होती. मक्तेदारीला आळा घालणारा शर्मन कायदा १८९० मध्ये संमत झाला, तरी मोठ्या कंपन्या लहान कंपन्यांना गिळतच होत्या. बेसबॉलच्या मालकांनी तोच मार्ग धरला. ब्रुकलिन आणि बाल्टिमोर या संघांची मालकीही त्याच वर्षी अशीच एकत्र गुंफली गेली. या पद्धतीला ‘सिंडिकेट बेसबॉल’ असे नाव पडले.

७/ दोन्ही संघ हाती येताच रॉबिसन यांनी खेळाडूंची अदलाबदल केली. साय यंग, फलंदाज जेसी बर्केट, बॉबी वॉलेस, कर्णधार-व्यवस्थापक पॅट्सी टेबो असे क्लीव्हलंडचे जवळजवळ सगळे मोहरे सेंट लुईसला रवाना झाले. त्यांच्या बदल्यात तळाच्या संघातील खेळाडू क्लीव्हलंडला आले. खेळाडूंचे मत कोणी विचारले नाही. त्यांचे करारच असे होते की, मालक नेईल तेथे खेळावे, अन्यथा लीगमधील कोणताही दुसरा संघ त्यांना घेणार नाही.

८/ हंगामाचा पहिला सामना १५ एप्रिल रोजी सेंट लुईस येथे झाला, तोही याच दोन संघांत. यजमानांकडून पिचर होता साय यंग. निकाल १०-१, सेंट लुईसच्या बाजूने. क्लीव्हलंडच्या नागरिकांनी आदल्या वर्षापर्यंत ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्याच खेळाडूंनी आता क्लीव्हलंडला धूळ चारली होती. पुढील सहा महिन्यांचा अंदाज त्याच दिवशी आला असावा.

९/ व्यवस्थापक लेव्ह क्रॉस हा स्वतः उत्तम खेळाडू होता. त्याच्या हाताखाली ३८ सामन्यांत ८ विजय मिळाले. या दुबळ्या संघात तो एक बरा खेळाडू उरला आहे, हे मालकांच्या ध्यानात आले आणि जूनमध्ये त्यालाही सेंट लुईसला हलवण्यात आले. सूत्रे जो क्विनकडे आली. क्विनचा हंगामाबाहेरचा व्यवसाय होता अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा! त्याच्या कारकिर्दीत १२ विजय आणि १०४ पराभव नोंदवले गेले.

१०/ क्लीव्हलंडच्या प्रेक्षकांनी या व्यवहाराला दिलेले उत्तर सोपे होते. ते मैदानावर गेलेच नाहीत. घरच्या ४२ सामन्यांना मिळून संपूर्ण हंगामात ६,०८८ प्रेक्षक आले. म्हणजे एका सामन्याला सरासरी १४५. त्याच हंगामात सेंट लुईसच्या मैदानावर साडेतीन लाखांहून अधिक लोक आले होते.

११/ यातून पुढचे संकट ओढवले. तिकीटविक्रीतील ठरावीक वाटा पाहुण्या संघाला मिळत असे. १४५ प्रेक्षकांच्या तिकिटांतील वाट्यातून पाहुण्यांचे रेल्वेभाडे आणि हॉटेलचा खर्चही निघेना. इतर संघ क्लीव्हलंडला येण्यास नकार देऊ लागले. त्यामुळे जुलैपासून घरच्या मैदानावर मोजकेच सामने झाले आणि संघ गावोगाव फिरत राहिला. वृत्तपत्रे त्यांना ‘निर्वासित’, ‘भटके’ म्हणू लागली. परगावी खेळलेल्या ११२ सामन्यांपैकी त्यांनी १०१ गमावले. आजच्या हंगामात परगावचे सामनेच ८१ असतात. त्यामुळे हा विक्रम मोडणे आता शक्यच नाही.

१२/ उरलेले आकडे असे. स्पायडर्सनी ५२९ धावा केल्या आणि १,२५२ दिल्या. एकाही पिचरला चारपेक्षा अधिक विजय मिळाले नाहीत. जिम ह्यूईच्या नावावर ४ विजय आणि ३० पराभव लागले. २६ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर या काळात सलग २४ सामने गमावले. नंतर एक विजय आणि पुन्हा सलग १६ पराभव. विजेत्या ब्रुकलिनपेक्षा हा संघ ८४ सामन्यांनी मागे राहिला आणि शेवटून दुसऱ्या वॉशिंग्टनपेक्षाही ३५ सामन्यांनी!

१३/ १५ ऑक्टोबर रोजी सिनसिनाटी येथे शेवटचे दोन सामने होते. पहिला १६-१ असा गमावला. दुसऱ्यात पिचर म्हणून उतरला तो हॉटेलमधील सिगारच्या दुकानावर काम करणारा एक हौशी तरुण. तोही सामना १९-३ असा गेला. असे सांगतात की, त्यानंतर खेळाडूंनी संघाच्या प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या सचिवाला एक लॉकेट भेट दिले; कारण आपले सर्व सामने पाहण्याचे दुर्भाग्य साऱ्या जगात एकट्या त्याच्याच वाट्याला आले होते. संघ हरत होता. परंतु स्वतःवर हसण्याइतका ताठ कणा त्या माणसांपाशी शिल्लक होता.

१४/ आता मुख्य प्रश्न. एवढे करून मालकांनी काय साधले? दोन संघांतील निवडक खेळाडू एकत्र आणूनही सेंट लुईसचा संघ १८९९ मध्ये पाचवाच आला. विजय ८४, पराभव ६७. म्हणजे आदल्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये हेच खेळाडू ज्या क्रमांकावर होते, नेमके तेथेच. सेंट लुईसचा गल्ला भरला हे खरे. पण विजेतेपद काही आले नाही आणि त्यासाठी एका शहराचा दहा वर्षांचा संघ मोडीत निघाला.

१५/ १९०० च्या हंगामापूर्वी नॅशनल लीगने १२ पैकी चार संघ बंद केले. क्लीव्हलंड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि लुईव्हिल. ही मोकळी झालेली शहरे बॅन जॉन्सन या महत्त्वाकांक्षी संघटकाने हेरली. त्याची अमेरिकन लीग १९०१ मध्ये स्वतःला ‘मेजर’ म्हणवू लागली, तेव्हा तिच्या आठ संघांत क्लीव्हलंड, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन ही तीन नावे होती. क्लीव्हलंडचा आजचा गार्डियन्स संघ याच लीगमधून आला आहे.

१६/ नॅशनल लीगने खेळाडूंच्या वेतनावर वर्षाला २,४०० डॉलरची मर्यादा घातली होती. नव्या लीगने अधिक पैसे देऊ केले आणि खेळाडूंना निवड करता आली. साय यंग १९०१ मध्ये सेंट लुईस सोडून बोस्टनला गेला आणि त्याच वर्षी त्याने ३३ सामने जिंकले. १९०२ मध्ये अमेरिकन लीगने सेंट लुईसमध्येच आपला संघ उभा केला. बर्केट आणि वॉलेस त्या संघात सामील झाले. खेळाडू पळवण्याचा जो डाव रॉबिसन यांनी क्लीव्हलंडवर टाकला होता, तो अशा रीतीने त्यांच्यावरच उलटला.

१७/ एका मालकाने एकाच लीगमध्ये दोन संघ बाळगणे पुढे नियमाने निषिद्ध झाले. आज एकेका उद्योगसमूहाचे निरनिराळ्या देशांतील लीगमध्ये संघ असतात. पण परस्परांशी लढणारे दोन संघ एकाच तिजोरीचे असू नयेत, हे तत्त्व सर्वमान्य आहे. समोरच्या दोघांनाही जिंकायचे आहे, या विश्वासावरच प्रेक्षक तिकीट काढतो. १८९९ मध्ये क्लीव्हलंडकरांचा तोच विश्वास तुटला होता.

१८/ विक्रमांच्या यादीत २०-१३४ हे आकडे ‘सर्वांत वाईट संघ’ या शीर्षकाखाली छापले जातात आणि त्यांपुढे ह्यूई व क्विन यांची नावे येतात. ज्या मालकांच्या निर्णयाने हे घडले, त्यांचे नाव त्या रकान्यात नसते. म्हणून मित्रहो, इतिहासातला एखादा आकडा कितीही अचूक असला, तरी त्यामागचा निर्णय कोणाचा होता, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या १५४ सामन्यांना रोज उभे राहिलेल्या खेळाडूंचे एवढे देणे आपण लागतो.

(समाप्त)