उडत्या राखेची बंदिस्त वाहतूक : वेग कमी, झीज कमी

मनोरी, गोराईपासून वांद्र्यापर्यंत पश्चिम उपनगरांना अनेक वर्षे वीज पुरवणारे एक प्रमुख केंद्र म्हणजे डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र. बीएसईएस कंपनीने उभारलेले, २५० मेगावॉटच्या दोन संचांचे हे केंद्र १९९५ मध्ये कार्यान्वित झाले. तेथून वीज तारांवाटे मुंबईत येते. राख मात्र जागेवरच उरते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते आणि तिचा बहुतांश भाग अतिसूक्ष्म 'उडत्या राखेच्या' रूपाने धुराबरोबर बाहेर पडू पाहतो. विद्युत अवक्षेपक यंत्रे ती अडवून खालच्या हॉपरमध्ये साठवतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

ही राख पाण्यात कालवून तळ्यात सोडणे हा जुना मार्ग. त्यासाठी पाणी आणि जमीन मुबलक लागते, शिवाय बांध फुटण्याचा धोका असतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळील कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा येथील राख-तळ्याचा बांध अतिवृष्टीत फुटून राखमिश्रित पाणी परिसरात पसरले होते. केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९ मधील अधिसूचनेद्वारे राखेचा वापर बंधनकारक केला. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनेही शंभर टक्के वापर बंधनकारक केला. सिमेंट कारखान्यांना राख कोरडीच हवी असते. त्यामुळे ती बंद पाइपमधून, हवेच्या दाबाने सायलोपर्यंत नेण्याची 'न्यूमॅटिक' पद्धत महत्त्वाची ठरली.

वेगाचे गणित

राखेतील क्वार्ट्झचे कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. त्यामुळे त्यांच्या घर्षणाने पाइप आतून खरवडला जातो. ही झीज वेगाच्या साधारण अडीच ते तीन घातांकाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर झीज सुमारे सहा ते आठपट होते.

विरळ प्रवाहात कण हवेत तरंगत सेकंदाला १५ ते ३० मीटर वेगाने धावतात. वेग फार घटला तर ते तळाशी बसून पाइप तुंबतो. उडती राख मात्र हवा धरून ठेवते व द्रवासारखी वाहते. त्यामुळे दाबपात्रातून थोड्या हवेत पुष्कळ राख ढकलणारी 'दाट प्रवाहा'ची पद्धत तिला मानवते. येथे सुरुवातीचा वेग सेकंदाला तीन ते पाच मीटरही पुरतो.

तरीही एक अडचण उरते. पुढे जाताना दाब घटतो आणि हवा प्रसरण पावते. आरंभी निरपेक्ष दाब वातावरणाच्या तिप्पट असेल, तर एकाच व्यासाच्या पाइपच्या शेवटी हवेचा वेग तिप्पट होतो आणि झीज १५ पटींहून अधिक वाढते. म्हणूनच लांब पाइपचा व्यास टप्प्याटप्प्याने वाढवतात.

वळणे आणि ओलावा

सर्वाधिक मार वळणांना बसतो. मऊ पोलाद तिरप्या माऱ्याने अधिक झिजते, तर ठिसूळ सिरॅमिक सरळ आघाताने. त्यामुळे मोठ्या त्रिज्येच्या वळणांना ओतीव बेसॉल्ट वा अॅल्युमिनाचे अस्तर देतात. काही ठिकाणी बंद टोकाचा 'टी' जोड वापरतात; तेथे साचलेल्या राखेवरच येणारी राख आदळते आणि धातू बचावतो. मात्र या जोडामुळे दाब अधिक खर्च होतो. म्हणून मार्ग आखतानाच वळणे कमीत कमी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

ओलावा हा दुसरा शत्रू. हॉपर थंड पडला की राख गोठल्यासारखी चिकटते. त्यामुळे हॉपर गरम व वाहक हवा कोरडी ठेवावी लागते. सायलोवर कापडी पिशव्यांची गाळणी नसेल, तर हवेबरोबर धूळही बाहेर पडते.

एका वळणाला भोक पडले तरी राख बाहेर उडते व कामगारांच्या फुप्फुसांत जाते. ते टाळायचे तर अधिक हवा हे उत्तर नव्हे. राख तुंबणार नाही इतपतच वेग राखणे, हेच या आराखड्याचे मुख्य सूत्र.