‘कास्टा’ : एका शब्दाची जातकुळी

‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, तेव्हा जातिव्यवस्था मूळची आपली नव्हेच, ती परकीयांनी आपल्यावर लादलेली कल्पना आहे, असा एक युक्तिवाद व्यासपीठांवरून वरचेवर ऐकू येतो. आमचे विद्यार्थी तो ऐकून गोंधळतात. या युक्तिवादातले पहिले विधान खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. चोखोबा त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर उभा होता, आणि त्याला बाहेर ठेवण्यासाठी कुणाला पोर्तुगीज शब्द उसना आणावा लागला नव्हता. तरीही हा शब्द कोठून आला आणि कोणते संस्कार घेऊन आला, हे आपण तपासले पाहिजे.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत तो ‘कास्टा’ असा आहे. अर्थ वाण, पैदास, कूळ. घोड्याची कास्टा, बैलाची कास्टा. पोर्तुगालात द्राक्षाच्या वाणाला आजही कास्टाच म्हणतात. व्युत्पत्तीबद्दल पंडितांत मतभेद आहेत. काही जण तो लॅटिन ‘कास्टुस’, म्हणजे शुद्ध, निर्मळ, या शब्दापासून काढतात. काही जण जनावरांचा वा पिल्लांचा समूह अशा अर्थाच्या एका गॉथिक शब्दापासून. मला दुसरे मत अधिक पटते. परंतु लोकांच्या मनात रुजले ते पहिले. कोवार्रुबियासने १६११ साली स्पॅनिश भाषेचा कोश प्रसिद्ध केला. त्यात कास्टा म्हणजे थोर कूळ असे सांगून त्याने हा शब्द शुद्धतेशीच जोडला. त्याच कोशात ‘रासा’ म्हणजे वंश या शब्दाखाली तो डाग देऊन ओळख ठेवलेल्या उत्तम पैदाशीच्या घोड्यांविषयी लिहितो, आणि माणसांच्या कुळाबद्दल हा शब्द वाईट अर्थाने घेतला जातो असे नोंदवतो: कुळात मूर किंवा ज्यू रक्ताचा अंश असणे.

पागेतली ही भाषा माणसांना लागू झाली होती. १४४९ साली तोलेदो शहरात असा ठराव झाला की, ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्यांच्या वंशजांना अधिकाराच्या जागा मिळणार नाहीत. बाप्तिस्मा झाला, पिढ्या उलटल्या, तरी रक्त तेच! पुढे अनेक धर्मसंघांच्या आणि महाविद्यालयांच्या दारांशी रक्तशुद्धीचे दाखले मागितले जाऊ लागले. पोर्तुगालने जुना ख्रिस्ती व नवा ख्रिस्ती हा भेद कायद्याने मिटवला तो १७७३ साली; स्पेनमध्ये रक्तशुद्धीचे शेवटचे दाखले बंद व्हायला १८६५ साल उजाडले. आपल्याकडील जातीला ‘कास्टा’ म्हणणारे लोक असे होते. त्यांनी येथे जे पाहिले, त्यासाठी त्यांना शब्द शोधत बसावे लागले नाही.

गार्सिया द ऑर्ता हा त्यांतलाच एक. तो वैद्य, १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. त्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात तो सहज लिहून जातो की, येथे कोणीही बापाचा धंदा सोडत नाही, चांभारांच्या कास्टातले सगळे चांभारच असतात. मनुस्मृतीच्या पानांतून उचललेली ही माहिती नाही, डोळ्यांनी पाहिलेली आहे. ‘परकीयांनी जात निर्माण केली’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य एकदा वाचावे.

हा ऑर्ता स्वतः स्पेनमधून हाकललेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, म्हणजे नवा ख्रिस्ती. तो १५६८ साली वारला. १५६९ साली त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले. १५८० साली खुद्द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. आरोप गुप्त ज्यू धर्माचा होता. संशयाला पुरावा कुळाचाच होता. चांभाराच्या जन्मजात धंद्याची नोंद करणाऱ्याला त्याचा स्वतःचा जन्म मेल्यानंतरही सुटला नाही.

गोव्याच्या १५६७ च्या धर्मपरिषदेनेही कास्टांची दखल घेतली. उच्च कास्टाचा माणूस खालच्याबरोबर खात-पीत नाही, हे तिला अंधश्रद्धेचे लक्षण वाटले. पण बामण, चारडी, सुदीर हे भेद ख्रिस्ती झालेल्या गोव्यात टिकलेच. आणि पोर्तुगीजांनी आपल्यातही वेगळी प्रतवारी लावली: भारतात जन्मलेल्या शुद्ध पोर्तुगीजाला ‘कास्टिसो’, मिश्र संततीला ‘मेस्तिसो’. मेक्सिकोत तर अठराव्या शतकात बाप, आई, मूल आणि खाली त्या मुलाच्या कास्टाचे नाव अशा चित्रांच्या मालिकाच रंगवल्या गेल्या.

स्पेनमध्ये ‘कास्टिसो’ हे आजही कौतुकाचे विशेषण आहे: अस्सल, निर्भेळ. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे, ‘जातिवंत’. जातिवंत घोडा, जातिवंत कलावंत, जातिवंत लेखक! आमचे समीक्षक तो बिनदिक्कत वापरतात. दलित कवीची पाठ थोपटतानाही वापरतात.

इंग्रजीत हा शब्द आधी ‘कास्ट’ असाच, फेकणे या अर्थाच्या जुन्या शब्दासारखा लिहीत. शेवटचा ‘ई’ पुढे फ्रेंच वळणाने स्थिरावला. ‘आउटकास्ट’, म्हणजे बाहेर फेकलेला, हा शब्द इंग्रजीत मध्ययुगापासून आहे. तो त्या फेकण्याच्या शब्दापासून झालेला. भारतातल्या जातीशी त्याचा संबंध नव्हता. (गॉथिक व्युत्पत्ती खरी मानली तर दोन्हींची मुळे फार खोलवर भिडतात, पण इंग्रजांना त्याचा पत्ता नव्हता.) एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्यालाही तो ‘ई’ जोडला आणि आपल्याला ‘आउटकास्ट’ ठरवले. फेकणे आणि पैदास असे दोन अर्थ एका शब्दात येऊन बसले.

या दोन अर्थांत मोठे अंतर आहे. कास्टा काय किंवा ‘जन्’ धातूपासून आलेली जात काय, दोन्ही शब्द जन्माकडे बोट दाखवतात; जन्माला कोणी आरोपी नसतो. फेकलेला म्हटले की फेकणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. बाबासाहेबांनी १९२४ साली सभा काढली ती ‘बहिष्कृत हितकारिणी’, १९२७ साली पत्र काढले ते ‘बहिष्कृत भारत’. १९३५ च्या कायद्याने मात्र ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव पक्के केले, आणि आपल्या मुलांच्या दाखल्यावर आजही तो पागेतला शब्द छापला जातो.