पांढरीची घरे आणि चिखलदऱ्याच्या खिडक्या

वऱ्हाडात जमिनीचे दोन भाग मानले जात : शेतीची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. या नावांमागे बांधकामाचा अनुभवही आहे. काळ्या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. अशा मातीची भिंत तडकणारच. पांढरी माती त्यामानाने कमी फुगते. म्हणून घरांच्या भिंती, धाबी आणि गावच्या गढ्याही तिच्याच उभारल्या गेल्या.

अकोला-अमरावतीच्या सपाटीवर खरा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे येथे नवलाचे नाही. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला दहा-बारा तास किंवा अधिक लागतात. दुपारची झळ आत येईपर्यंत रात्र होते, आणि तोवर माणसे अंगणात किंवा धाब्यावर झोपायला गेलेली असतात. पण मोठी खिडकी ठेवली तर जाड भिंतीचा उपयोग काय? म्हणून खिडक्या थोड्या, लहान, लाकडी झडपांच्या. याची किंमतही होती. घरात अंधार राही, चुलीचा धूर कोंडे आणि दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागे.

याच अमरावती जिल्ह्यात, सातपुड्यावर, प्रश्न उलटा होता. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला. पुढे १८५३च्या करारानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि सुमारे ११०० मीटर उंचीवरील हे ठिकाण त्यांचे उन्हाळी निवासस्थान बनले. येथे पाऊस अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय वारा आणि धुके. सपाटीवरचे मातीचे धाबे येथे टिकणे कठीण. म्हणून बंगल्यांना उतरती छपरे, रुंद व्हरांडे आणि प्रकाशासाठी काचेच्या खिडक्या आल्या.

उघड्या टेकडीवर खिडकीची परीक्षा वारा घेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सुमारे १७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराइतका असतो. म्हणजे चौकटीखाली फट असेल तर वारा पाणी वर ढकलून आत आणतो. यावर उपाय साधे आहेत : खिडकीच्या पाटलीला बाहेर उतार, आतल्या कडेला उंचवटा, छज्जाच्या खालच्या बाजूस थेंब तोडणारी खाच आणि काचेभोवती घट्ट लांबी. व्हरांडा तर पावसाचा मारा खिडकीपर्यंत येऊच देत नाही.

आज सपाटीवरच्या गावांतही पत्र्याची छपरे, सिमेंटचे स्लॅब आणि पश्चिमेला तोंड केलेल्या मोठ्या काचेच्या खिडक्या दिसतात. धाब्याची दरवर्षीची डागडुजी टळली, हे खरेच सुख आहे. परंतु काचेतून आलेले ऊन आत उष्णता सोडते आणि ती उष्णता काचेतून सहज परत जात नाही. पत्रा तर काही मिनिटांतच तापतो. अशा खोलीत आजारी माणूस, तान्हे मूल किंवा आपला वर्ग दुपार कशी काढणार?

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करवून घ्यावा. गावातील एखादे धाब्याचे घर, एक स्लॅबचे घर आणि शाळेची खोली निवडावी. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता तिन्ही ठिकाणचे तापमान आठवडाभर नोंदवून आलेख काढावा. मग पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून तट्टा लावून पुन्हा मोजावे. आपल्या गावच्या हवेला कोणती खिडकी मानवते, याचे उत्तर त्या आलेखातच मिळेल.