मायकोरायझा: आधी मूळ, मग पिशवी

मृग जवळ आला की बिलोली तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रांतून बियाणे आणि डीएपीबरोबर मायकोरायझा या मुळांशी साथ करणाऱ्या बुरशीच्या पिशव्याही शेतात जातात. त्यामागची समजूत अशी: रासायनिक खतांनी आपली काळी जमीन निर्जीव झाली, तिच्यात उपयुक्त बुरशी उरली नाही, ती विकत आणून पेरली की लांबून पाणी ओढते आणि पावसाच्या खंडातही सोयाबीन तग धरते.

ही बुरशी ताणात मदत करते, एवढे यातले खरे. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. अशा खंडात पाण्याइतकीच अन्नाचीही अडचण होते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. ओल आटली की तो जागचा हलतच नाही. बुरशीचे तंतू मूळकेसांहूनही बारीक. ते मुळापासून काही सेंटिमीटर दूर, चिकण मातीच्या फटींत शिरून स्फुरद आणि जस्त आणतात. त्यावर पोसलेले पीक खंड अधिक सोसते. थेट पाणी पुरवण्यातला तंतूंचा वाटा त्या मानाने लहान मानला जातो.

पण जमिनीत बुरशीच नाही, हे मात्र खरे नाही. तूर, ज्वारी, कापूस, हरभरा, सोयाबीन या सगळ्यांशी तिचे नाते आहे. शेतातल्या तुरीची बारीक मुळे कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून, निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की पेशींच्या आत फांद्या फुटलेली तिची रचना दिसते. काही विकत न टाकताही ती तिथे असते.

मग ती कमी का पडते? कारण तिला आपणच उपाशी ठेवतो. मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाचे द्रव्य सोडून बुरशीला आमंत्रण देते, हे २००५ साली जपानी संशोधकांच्या कामातून पुढे आले. स्फुरदाची चणचण असली की हे आमंत्रण वाढते, मुबलक मिळाला की थांबते. म्हणजे भरपूर डीएपीत मायकोरायझाचे दाणे कालवून एकाच नळीतून पेरणे हा विकत घेतलेल्या बुरशीवरचाही अन्याय आहे.

दुसरे कारण पडीक जमिनीचे. ही बुरशी स्वतःपुरती चरबीही बनवू शकत नाही. ती झाडाकडूनच घेते, हे २०१७ मध्ये सिद्ध झाले. जिवंत मूळ नाही तर तिला अन्न नाही. ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग डाउन्सच्या काळ्या जमिनीत दीर्घकाळ पडीक ठेवल्यानंतरची पिके खुरटत. बुरशी घटल्याने स्फुरद आणि जस्त मिळेनासे होते, हे जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये दाखवले. आपल्या कोरडवाहू शेतात ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की मृगापर्यंत आठ महिने मूळ नसते. हानी तेवढी नसेल, पण दिशा तीच.

तिसरे कारण खोल नांगरट: तिने तंतूंचे जाळे तुटते. यावर कोणी म्हणेल, ती केली नाही तर अळ्यांचे कोष आणि मर रोग कसा आवरायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणून जिथे प्रादुर्भाव झाला तिथेच नांगरट करावी, दरसाल सरसकट नको. मर रोगासाठी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आहेच. ती बुरशी वेगळी, तिचे काम वेगळे. कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यावर मात्र ती चोळू नये.

पिशवीचीही जागा आहे: निर्जंतुक माध्यमातली रोपवाटिका, वरची माती खरवडून गेलेले शेत, वर्षानुवर्षे पडीक रान. बाकी ठिकाणी आधी सोयाबीनमध्ये तुरीचे तास धरा, ओल असेल तिथे हरभरा, करडई किंवा रब्बी ज्वारी घ्या आणि स्फुरद माती परीक्षणाप्रमाणेच द्या. तरीही पिशवी घ्यावीशी वाटली, तर त्याच शेतात काही तासे तिच्याविना पेरा आणि मळणी वेगळी करा. पुढच्या खरिपात पिशवी घ्यायची की नाही, हे जाहिरातीवरून नव्हे, त्या दोन ढिगांच्या वजनावरून ठरवा.